प्रचालकाशी वाद झाला, आता दाद कुठे मागू?

प्रश्न थोडक्यात असा. विकिपीडियावर नव्याने आलेल्या एका सदस्याने आपल्या गावच्या ग्रामदैवतावर आणि जत्रेवर लेख लिहिला. दोन तासांत एका प्रचालकाने (इंग्लिशमध्ये ज्याला ‘अॅडमिन’ म्हणतात) तो वगळला. सदस्याने परत टाकला, तो परत वगळला गेला. चौथ्या खेपेला खातेच ब्लॉक झाले. मग त्याने भावाच्या ईमेलवरून दुसरे खाते उघडले, दुसऱ्या दिवशी तेही बंद. तो विचारतो : ज्ञानकोश सर्वांचा म्हणता, मग एकट्या माणसाला माझे लिखाण पुसायचा अधिकार कोणी दिला? आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायची तर कुठे?

दाद मागायच्या जागा आहेत, त्या खाली सांगतो. पण तिथे जाण्याआधी तुमच्या हातात काय असायला हवे, हे जास्त महत्त्वाचे आहे. मी सोळा वर्षे मराठी आणि इंग्लिश विकिपीडियावर लिहितो आहे. त्यातली सहा वर्षे एका विकीवर प्रचालक होतो. लोकांची खाती मी अडवली आहेत, एकदा माझेही अडवले गेले आहे. हे सगळे दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की प्रचालकाशी होणारी बहुतेक भांडणे मुळात मजकुराची असतात. आणि मजकुराच्या बाबतीत प्रचालकाचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा रतीभरही जड नसतो. नव्या सदस्याला हे ठाऊक नसते, प्रचालकालाही कधी कधी याचा विसर पडतो, आणि तिथून सगळे बिघडत जाते.

आपल्याकडे गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत ‘संपादक’ म्हटले की वर्तमानपत्राचा संपादक डोळ्यांपुढे येतो, काय छापायचे आणि काय नाही ते ठरवणारा. ज्ञानकोश म्हटले की वाईचे विश्वकोशाचे काम आठवते : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, विषयवार तज्ज्ञ, नोंदीखाली लेखकाचे नाव, छपाईआधी तपासणी. विकिपीडियावर असे कार्यालयच नाही. २००१ च्या जानेवारीत इंग्लिश विकिपीडिया सुरू झाला, १ मे २००३ ला मराठी, आणि दोन्हीकडे ‘संपादक’ म्हणजे पानात बदल करून तो जतन करणारा कोणीही माणूस. तुम्हीही संपादक, मीही, प्रचालकही.

प्रचालकाकडे जास्तीची असतात ती तीन-चार बटणे. पान वगळणे किंवा परत आणणे, पान सुरक्षित करणे, खाते अडवणे किंवा मोकळे करणे. त्याला पगार नाही, ओळखपत्र नाही. दिवसभर बँकेत किंवा कॉलेजात काम करून रात्री जेवणानंतर तासभर ‘अलीकडील बदल’ चाळत बसलेला माणूस असतो तो. इंग्लिश विकिपीडियावर असे सुमारे आठशे प्रचालक आहेत. तिथे निवडीसाठी आठवडाभर प्रश्नोत्तरे चालत आली आहेत आणि साधारण ६५ ते ७५ टक्क्यांच्या वर पाठिंबा लागतो. मराठीवर नियमित काम करणारे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि निवड होते ती एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या सदस्यांच्या कौलाने. तुम्ही कुठल्या भाषेतल्या विकीबद्दल विचारता ते सांगितले नाहीत, म्हणून मी दोन्हीकडचे सांगणार आहे.

आधी तुमचा लेख. मी तो पाहिलेला नाही, पण ग्रामदैवतांवरचे पुष्कळ नवे लेख मी तपासले आहेत आणि ते सहसा दोन कारणांनी जातात. पहिले म्हणजे देवस्थान ट्रस्टच्या पत्रकातला किंवा संकेतस्थळावरचा मजकूर जसाच्या तसा उचललेला असतो. ट्रस्टचे अध्यक्ष तुमचे काका असले आणि ‘घे की’ असे तोंडी म्हणाले असले तरी ते पुरत नाही. विकिपीडियावरचा मजकूर कोणीही पुढे वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा, आणि त्याला मूळ हक्कदाराची लेखी मोकळीक लागते. ती नसेल तर प्रचालकाला तो मजकूर ठेवताच येत नाही, त्याची इच्छा असो वा नसो.

दुसरे कारण भाषेचे. ‘नवसाला पावणारे जागृत देवस्थान’, ‘पंचक्रोशीचे श्रद्धास्थान’, ‘भाविकांची अलोट गर्दी’ हे आपल्या बोलण्यात इतके मुरले आहे की त्यात कुणाचा तरी दावा दडलेला आहे हे लक्षातच येत नाही. जागृत आहे असे कोण म्हणते? गावकऱ्यांची तशी श्रद्धा आहे असे लिहून त्याला संदर्भ दिलात की तेच वाक्य ज्ञानकोशात नीट बसते. श्रद्धेला विकिपीडियाचा विरोध नाही. ती कुणाची आणि कुठे नोंदलेली आहे, एवढेच तो विचारतो.

‘आमच्या गावाबद्दल कुठे काही छापलेलेच नाही’ हे मी पटकन मान्य करत नाही. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये गावांची, देवळांची, जत्रांची माहिती आहे. राज्य शासनाच्या गॅझेटियर विभागाचे जिल्हावार ग्रंथ आहेत. १९६१ च्या जनगणनेत तर महाराष्ट्रातल्या जत्रा आणि उत्सवांवर स्वतंत्र खंड काढला गेला. तो फार थोड्यांनी उघडला आहे, आणि ग्रामदैवतांवर लिहिणाऱ्यासाठी तो खजिना आहे. वर्तमानपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत जत्रेच्या बातम्या दरवर्षी येतात. यातल्या दोन ठिकाणांचे पक्के संदर्भ असलेला लेख सहसा कोणी वगळत नाही, आणि वगळलाच तर तो परत आणा म्हणायला तुमच्याकडे भक्कम कारण असते.

आणि वगळलेला लेख नष्ट होत नाही, हे नव्या लोकांना कुणीच सांगत नाही. तो साठ्यात असतो आणि प्रचालकाला दिसतो. प्रताधिकाराचा प्रश्न नसेल तर ‘कृपया हा मजकूर माझ्या धूळपाटीवर आणून द्या, मी संदर्भ घालतो’ एवढी विनंती करता येते. (धूळपाटी म्हणजे सदस्याचे स्वतःचे सरावाचे पान.) माझ्या पाहण्यात या एका विनंतीने जितकी भांडणे मिटली तितकी कुठल्याही तक्रारीने मिटली नाहीत.

त्याऐवजी तुम्ही लेख परत परत टाकलात. इंग्लिश विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर खाते अडवले जाऊ शकते. लोक त्याचा अर्थ ‘तीन वेळा मुभा’ असा काढतात, तो चूक आहे. दोनदा उलटवूनही, भांडणाच्या सुरात, माणूस अडवला जाऊ शकतो. तुमचे प्रकरण उलटवण्याचे नाही, वगळलेले पान पुन्हा बनवण्याचे आहे, पण तत्त्व तेच. पहिल्यांदा बदल करायला कुणाची परवानगी लागत नाही. तो कोणी उलटवला की पुढचे पाऊल चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, पडले पाहिजे.

माझे खाते याच कारणाने अडवले गेले होते. एका किल्ल्याच्या लेखात बांधकामाचे शतक चुकलेले होते. माझ्या टेबलावर ग्रंथ उघडा होता, समोरच्याकडे एक पर्यटनाचे संकेतस्थळ. मी रात्री अकरापासून एकपर्यंत सहा वेळा त्याचे बदल उलटवले आणि दर वेळी बदलाच्या सारांशात ‘चुकीची माहिती’ एवढेच लिहिले. ग्रंथाचे नाव आणि पान क्रमांक मी एकदाही चर्चापानावर टाकला नाही. चोवीस तासांचा ब्लॉक मिळाला. शतक माझेच बरोबर होते, आणि तरीही तो ब्लॉक योग्य होता, कारण माझ्याकडे पुरावा आहे हे पाहणाऱ्या तिसऱ्या माणसाला कळायला काही मार्गच नव्हता. त्याला दिसत होते ते दोन माणसांनी मध्यरात्री पान हिसकत राहणे. ब्लॉक संपल्यावर मी चर्चापानावर चार ओळी लिहिल्या. तासाभरात समोरच्याने स्वतः दुरुस्ती केली.

ब्लॉकबद्दल म्हणूनच नीट समजून घ्या. तो शिक्षा म्हणून द्यायचा नसतो, पुढचा उपद्रव थांबवण्यासाठी द्यायचा असतो. त्यामुळे ‘यापुढे हे होणार नाही’ असे पटले की तो चालू ठेवायचे कारण उरत नाही. खाते अडवलेले असले तरी तुमचे स्वतःचे चर्चापान सहसा उघडे असते. तिथे ब्लॉक उठवण्याची विनंती करता येते आणि ती पाहणारा प्रचालक दुसरा असला पाहिजे, ज्याने अडवले तोच नव्हे. या विनंत्यांत लोक काय लिहितात? प्रचालक कसा उद्धट आहे, इतरांचे असेच लेख कसे राहिले आहेत, आपण समाजासाठी किती केले आहे. वाचणाऱ्याला यातले काहीच उपयोगी नसते. तुमच्या जागी मी असतो तर एवढेच लिहिले असते :

‘मी वगळलेला लेख चर्चा न करता वारंवार परत टाकला. वगळण्याचे कारण माझ्या चर्चापानावर लिहिलेले होते, ते मी वाचले नव्हते. ब्लॉक असताना अमुक नावाने दुसरे खाते उघडले. ते माझेच आहे आणि पुन्हा वापरणार नाही. ब्लॉक उठल्यास लेख आधी धूळपाटीवर संदर्भांसह लिहीन, अनुभवी सदस्याला दाखवीन आणि मगच मुख्य लेखात नेईन.’

यात लाचारी नाही, की आव्हानही नाही. काय झाले, आता काय होईल, एवढेच आहे. मी प्रचालक असताना अशी विनंती आली की दहा मिनिटांत खाते मोकळे करत असे.

दुसऱ्या खात्याची कबुली त्यात मुद्दाम घातली आहे. तुमच्या हातून झालेली खरी मोठी चूक तीच, लेख नव्हे. ब्लॉक चुकवण्यासाठी काढलेले खाते म्हणजे फसवणूक धरली जाते, आणि ते ओळखण्याची साधने आहेत. काही निवडक विश्वासू सदस्यांना खात्यामागचा आयपी पत्ता आणि उपकरणाची तांत्रिक नोंद पाहता येते. ही नोंद ९० दिवस राहते. भाऊ खरा असला तरी त्याने नेमका तुमचाच लेख परत टाकला तर दोघांना एकच धरतात. हाच नियम व्हॉट्सअॅप गटावर ‘सगळ्यांनी जाऊन पाठिंबा द्या’ असे आवाहन करण्याला लागू आहे. वीस नवीकोरी खाती एका रात्रीत चर्चेत उतरली तर तुमची बाजू वीसपट बळकट होत नाही, उलट असलेली पत जाते, कारण तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. इंग्लिशवर अशा प्रकरणात एक रूढ तोडगा आहे : सहा महिने कुठल्याही खात्याने त्या विकीवर न लिहिता थांबा, मग मूळ खात्यावरून विनंती करा. तुमचे प्रकरण ताजे आहे. आजच कबूल केलेत तर इतके थांबावे लागणार नाही असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र तुमच्या विरुद्ध नसते तरी तशी भासते. भारतातल्या मोबाइल नेटवर्कवर हजारो लोक आयपी पत्त्यांच्या एकाच पट्ट्यातून येतात. कुणी दुसऱ्याने धुडगूस घातला म्हणून तो पट्टाच अडवलेला असतो आणि तुम्हाला ‘तुम्हाला अडवले आहे’ असा संदेश दिसतो. तो संदेश शेवटपर्यंत वाचा. पट्ट्याचा उल्लेख असेल तर खात्यात प्रवेश करून पाहा, नाहीतर वाय-फाय बदलून पाहा.

कॉलेजातल्या कार्यशाळांत असला गोंधळ मी अनेकदा पाहिला. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, संगणक कक्षात चाळीस मुले, शिक्षक उत्साहात. एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात हे कुणाला माहीत नसते, म्हणून सातव्या मुलापासून अडते. ज्यांची खाती उघडतात ती मुले पाठ्यपुस्तकातले उतारे चिकटवतात. संध्याकाळी एखादा प्रचालक घरी येऊन पाहतो तर तीस पाने उचललेल्या मजकुराची. तो ती सगळी वगळतो, दोन-तीन खाती अडवतो. दुसऱ्या दिवशी शिक्षक संतापून विचारतात, मराठीसाठी मुले पुढे आली तर त्यांना हाकलता? दोघेही मराठीसाठीच झटत होते. आयोजकांनी चार दिवस आधी चावडीवर, म्हणजे मराठी विकीच्या सामाईक चर्चेच्या पानावर, एक सूचना टाकली असती तर प्रचालकाने खाती आधीच उघडून दिली असती आणि मुलांना धूळपाटीवर बसवले असते. हा एक निरोप राहतो आणि चाळीस मुले विकिपीडियाला कायमची मुकतात, याचे मला अजून वाईट वाटते.

आता प्रचालक खरोखर चुकतो तेव्हा. पहिली कसोटी ही की तो त्या मजकुराच्या वादात स्वतः पक्षकार होता का. लेखात त्याचे स्वतःचे म्हणणे आहे, त्यासाठी तो तुमच्याशी भांडत होता आणि मग त्यानेच तुमचे खाते अडवले किंवा आपली आवृत्ती ठेवून पान सुरक्षित केले, तर तो नियमभंग आहे. तुमच्या हातातला सर्वांत बळकट मुद्दा हाच. पण तो नीट तपासून वापरा. नियमाप्रमाणे लेख वगळला एवढ्यावरून प्रचालक पक्षकार ठरत नाही. तसे धरले तर पोलिसाने पकडले म्हणून त्याला फिर्यादी म्हणावे लागेल. पानाचा इतिहास उघडा, त्याचे बदल मजकुरात मत घालणारे आहेत की फक्त निगराणीचे, ते पाहा. आणि तक्रार करताना विशेषणे टाळून दुवे द्या : अमुक तारखेचा हा बदल, अमुक वाजताचा हा ब्लॉक. पानाच्या इतिहासात प्रत्येक बदल वेळेसह नोंदलेला असतो. तुमच्या बाजूने बोलू शकणारा तोच एक साक्षीदार आहे.

इंग्लिश विकिपीडियावर मराठी माणसाला आणखी एक ठेच लागते. तो आपल्या गावाच्या लेखात पहिल्याच ओळीत देवनागरीत नाव घालतो, ते लगेच काढले जाते, आणि त्याला वाटते हा मराठीचा द्वेष. वस्तुस्थिती अशी की भारताशी संबंधित लेखांच्या सुरुवातीला कुठलीच भारतीय लिपी घालायची नाही असे तिथे सर्वसंमतीने ठरले आहे, कारण कुठली लिपी आधी आणि कुठली नंतर यावर अंतहीन भांडणे होत होती. कन्नड, तमिळ, बंगालीचीही नावे तशीच काढतात. मला तो निर्णय आवडत नाही, पण तो एका प्रचालकाचा नाही, म्हणून त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही.

जातींच्या लेखांत याहून कडवट होते. वर्ध्याचा एखादा अभ्यासू सदस्य रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातींवरचा १९१६ चा ग्रंथ उघडून आपल्या समाजाची उत्पत्ती लिहितो. प्रचालक म्हणतो, ब्रिटिश काळातली जातवर्णने आम्ही विश्वसनीय धरत नाही. सदस्य म्हणतो, छापील ग्रंथ आहे, सरकारी आहे, अजून काय हवे? इथे मी प्रचालकाच्या बाजूने आहे. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी ऐकीव दंतकथा आणि वंशाच्या कल्पना एकत्र करून लिहिले. आजच्या समाजशास्त्रज्ञांचे काम हाताशी असताना त्यावर विसंबणे बरे नव्हे. जुन्या गॅझेटियरचेही तेच : देऊळ कुठे आहे आणि जत्रा कधी भरते हे सांगायला तो चालतो, जातीची थोरवी सांगायला नाही. दक्षिण आशियाच्या विषयांत तिथे प्रचालकांना जादा अधिकारही दिलेले आहेत. एखाद्या सदस्याला त्या विषयापुरते दूर ठेवण्याचा निर्णय एकटा प्रचालक घेऊ शकतो. त्यामुळे या लेखांत शिरताना दुप्पट सावधगिरी हवी. गावाशहरांच्या नामांतराचेही तसेच. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले २०२३ मध्ये, पण इंग्लिश लेखाचे शीर्षक राजपत्रावरून बदलत नाही, इंग्लिश लिखाणात कुठले नाव जास्त रूढ आहे यावरून ठरते. शीर्षक बदलायचे तर चर्चापानावर रीतसर प्रस्ताव मांडावा लागतो.

दाद मागायची शिडी इंग्लिशवर लांब आहे. आधी त्या प्रचालकाच्या चर्चापानावर विचारणा. मग प्रचालकांच्या सूचनाफलकावर तक्रार. तिथे तक्रारदाराचेही वर्तन तपासले जाते, हे लक्षात ठेवून जा. सर्वांत वर लवाद समिती, २००४ पासून काम करणारी, सध्या १५ जणांची. ती मजकुराचा निवाडा करत नाही, वर्तनाचा करते आणि प्रचालकाची बटणे काढून घेऊ शकते. आता तिथे प्रचालकाला परत बोलावण्याचीही सोय झाली आहे : ३० दिवसांत २५ अनुभवी सदस्यांच्या सह्या जमल्या तर त्याला पुन्हा कौल घ्यावा लागतो. जर्मन विकिपीडियावर ही पद्धत त्याआधीपासून आहे.

मराठीसारख्या विकीवर लवाद समिती नाही. चावडी आहे, दुसरा प्रचालक आहे, प्रचालकपद देणारा स्वीकृती अधिकारी आहे, आणि बाहेर मेटा-विकी, सगळ्या विकींच्या सामाईक कारभाराचे संकेतस्थळ. सर्व विकींवर अधिकार असलेले स्टुअर्ड स्थानिक मजकुराच्या वादात पडत नाहीत. सगळ्या विकींना लागू असलेल्या सार्वत्रिक आचारसंहितेसाठी २०२४ मध्ये निवडलेली एक समन्वय समिती आहे, पण ती एखादा विकीच बिघडला असेल तेव्हाची. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेला थेट मेल पाठवून वरून हुकूम आणू, असे अनेकांना वाटते. २०१९ मध्ये फाउंडेशनने इंग्लिशवरच्या एका जुन्या प्रचालकावर परस्पर एक वर्षाची बंदी घातली तेव्हा वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून बटणे खाली ठेवली. शेवटी ते प्रकरण लवाद समितीकडे आले. तिने बंदी उठवली, पण प्रचालकपद परत दिले नाही. तेव्हापासून असल्या वादात हात घालताना फाउंडेशन फार जपून असते.

छोट्या विकीवर खरा धोका कुठे असतो ते क्रोएशियन विकिपीडियाने दाखवले. मोजक्या प्रचालकांच्या एका गटाने जवळपास दहा वर्षे तो आपल्या मुठीत ठेवला. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या उस्ताशा या फॅसिस्ट गटाच्या राजवटीने चालवलेल्या यासेनोवात्सच्या मृत्युछावणीचे वर्णन तिथे ‘संकलन छावणी’ अशा सौम्य शब्दांत होत होते. विरोध करणाऱ्यांची खाती अडवली जात. २०१३ मध्ये हे वर्तमानपत्रांत आले, शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो विकी वापरू नका असे सांगितले, तरी घडी मोडायला २०२० उजाडले. त्या वर्षी प्रमुख प्रचालकावर सगळ्या विकींवर बंदी आली आणि २०२१ मध्ये फाउंडेशनचा अहवाल आला. नियम तिथेही हेच होते. ब्लॉकविरुद्धचे अपील दुसऱ्या प्रचालकाने पाहायचे, पण दुसरा प्रचालक त्याच गटातला असेल तर त्या नियमात काय उरते? म्हणून मराठी विकीवर रुसून निघून जाणाऱ्या प्रत्येक चांगल्या सदस्याची मला काळजी वाटते. जितके कमी लोक चावडीवर बोलतील, तितके थोड्यांच्या हातात जास्त जाईल.

कोर्टाचे नाव मात्र चर्चापानावर काढू नका. ‘कायदेशीर कारवाई करीन’ असे लिहिणाऱ्याचे खाते, ती धमकी मागे घेईपर्यंत, इंग्लिशवर लगेच अडवतात. न्यायालयात जाण्याचा हक्क तुमचा आहे, पण खटल्याची भीती घालत समोरच्याशी मजकुराची चर्चा करता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्लिश लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि नंतर काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्याआधी २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावून संपादकांची ओळख मागितली होती. त्या खटल्यावरचे पान उतरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. या दोन प्रकरणांनंतर माझ्या ओळखीचे चांगले, जबाबदारीने लिहिणारे लोक इतिहासाच्या पानांना हात लावायला कचरतात. ही हानी भरून यायला वेळ लागेल.

प्रचालकांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, कारण माझ्या हातून एक अन्याय झाला आहे. एका संध्याकाळी एक नवे खाते दर दोन मिनिटांनी वेगवेगळ्या गावांच्या पानांवर एकेक ओळ घालताना दिसले. मला ती जाहिरातबाजी वाटली. साचा, म्हणजे आधीच तयार असलेला ठरावीक मजकूर, चिकटवून इशारा दिला, उत्तर आले नाही, म्हणून अडवले. पुढे दोन महिन्यांनी एका परिचितामार्फत निरोप आला : ते निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, आपल्या तालुक्यातल्या गावांजवळच्या ओढ्यांची आणि नद्यांची चुकलेली नावे दुरुस्त करत होते. फोनवरून लिहीत असल्याने चर्चापान म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हते, माझा इशारा त्यांनी पाहिलाच नव्हता. मी खाते मोकळे केले, माफी लिहिली, फोनवरही बोललो. ते परत आले नाहीत. त्या ओढ्यांची नावे आता कोण सांगणार?

त्यानंतर मी साचा लावण्याआधी स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहू लागलो. ‘उल्लेखनीयता’, ‘पडताळण्याजोगे’, ‘नामविश्व’ ही शब्दकळा आपल्याला सवयीची झाली आहे, बाहेरच्या माणसाला ती सरकारी परिपत्रकासारखी लागते. ‘नमस्कार, तुमचा लेख मी काढला कारण ट्रस्टच्या पत्रकातला मजकूर जसाच्या तसा आहे. तुमच्या शब्दांत लिहा, मी मदत करतो’ असे तुम्हाला त्या पहिल्या दोन तासांत कोणी लिहिले असते, तर बहुधा हा प्रश्न विचारायची वेळ तुमच्यावर आली नसती. ते झाले नाही, ही त्या प्रचालकाची बाजू उणी आहे आणि तसे तुम्ही शांतपणे त्याला लिहायला हरकत नाही, ब्लॉक उठल्यावर.

आज रात्री मूळ खात्याच्या चर्चापानावर विनंती लिहा, दुसऱ्या खात्याला हात लावू नका, आणि उत्तर यायला चार-पाच दिवस लागले तरी थांबा. तोवर लेख वहीत किंवा फोनवर नव्याने लिहायला घ्या. गावाचा तालुका आणि जत्रेची तिथी मला कळवा. १९६१ च्या खंडात तुमच्या गावाची नोंद असेल तर पान क्रमांक मी शोधून देतो.